सेकंडहँड पोर्शे: ९११ की केमन? पुण्या-मुंबईत नांदवायची तर काय काय बघावं?

घाटवळण:
बजेट एक कोटीच्या आसपास, सगळं धरून. गाडी पाच ते दहा-बारा वर्षं जुनी चालेल. वापर वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर, मुक्काम पुणे, पार्किंग सोसायटीच्या तळघरात. रोजच्या कामाला दुसरी गाडी आहे. यादीत दोनच नावं उरली आहेत: ९९१ पिढीची ९११ कॅरेरा, नाहीतर केमन, ९८१ किंवा ७१८. प्रश्न तीन. कुठली पिढी घ्यावी, व्यवहाराआधी काय तपासावं, आणि नंतर पैसे कुठे कुठे जातात?
"त्या पैशात फ्लॅट येतो" हे उत्तर कृपया नको. (पुण्यात येतो का, हा वेगळ्या धाग्याचा विषय.)

तेलकट_हात:
पिढीपासून सुरुवात करू. २००८पर्यंतच्या ९९७ आणि ९८७ (अनुक्रमे ९११ आणि केमनच्या आधीच्या पिढ्या) स्वस्तात दिसतात, पण त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्या इंजिनांत इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग हा कच्चा दुवा आहे. सगळीकडे आयएमएस म्हणून बदनाम आहे तेच. ते गेलं की टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन भंगारात. २००६ ते २००८मधलं बेअरिंग आकाराने मोठं आहे, कमी मोडतं, पण बदलायचं तर अख्खं इंजिन फोडावं लागतं. शिवाय त्याच काळातल्या ३.४, ३.६ आणि ३.८ लिटर इंजिनांना सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडायचा आजार आहे. २००९मध्ये नवं इंजिन आलं. त्यात हा शाफ्टच नाही. तुमच्या यादीतल्या सगळ्या गाड्या त्यानंतरच्या, त्यामुळे ती भीती काढून टाका.

आता ९९१मध्येही दोन जाती आहेत. पहिल्या, म्हणजे साधारण २०१५पर्यंतच्या गाड्यांत विनाटर्बो सहा सिलिंडर: कॅरेरा ३.४ लिटर, ३५० अश्वशक्ती. कॅरेरा एस ३.८ लिटर, ४०० अश्वशक्ती. त्यानंतरच्या ९९१.२मध्ये दोन टर्बोंचं ३.० लिटर, ३७० आणि ४२० अश्वशक्ती. केमनचं पण तसंच. ९८१मध्ये सहा सिलिंडर विनाटर्बो (२.७ लिटर २७५, एसमध्ये ३.४ लिटर ३२५), ७१८मध्ये चार सिलिंडर टर्बो (२.० लिटर ३००, एसमध्ये २.५ लिटर ३५०). कागदावर ७१८ जोरकस आहे. शहरात खालच्या आरपीएमला ती ओढतेही चांगली.

शेवंता:
जोरकस आहे, पण आवाज? सहा सिलिंडर बॉक्सर (समोरासमोर आडव्या सिलिंडरांचं इंजिन) ७ हजार आरपीएमच्या पुढे जो सूर लावतो तो चार सिलिंडरमधून येत नाही. लोकांनी इतकी नाकं मुरडली की पोर्शेने २०२०च्या सुमाराला ७१८ जीटीएसमध्ये परत ४.० लिटरचं सहा सिलिंडर बसवलं. एक कोटी घालून आणलेली गाडी सुरू केल्यावर मालकच गाणी लावायला लागला तर काय उपयोग?

मुळात या गाड्यांची मजा कशात आहे ते बघा. ९८१ केमन एसच्या मॅन्युअल गाडीत दुसरा गिअर १२०च्या पुढे जातो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर सपाटीला मर्यादा १०० आणि समृद्धीवर १२०. म्हणजे आपल्याकडे कायद्यात राहून दुसऱ्या गिअरचंही पोट भरत नाही, वरचे चार गिअर नुसते पेट्रोल वाचवायला. म्हणून ० ते १०० किती सेकंदांत हा आकडा बघून गाडी निवडणं मला निरर्थक वाटतं. ताशी ६०ला वळणात शिरताना स्टिअरिंगमधून पुढच्या चाकाखालचा रस्ता हाताला किती कळतो, ब्रेकचं पेडल किती घट्ट आहे, गाडी किती कमी झुकते, बसायची जागा किती खाली आहे, हे रोज मिळणारं सुख आहे. तिथे १,३५० किलोच्या आसपासची मध्ये इंजिन असलेली केमन ही ९११ला सहज टक्कर देते. ९११चं इंजिन मागच्या आसाच्याही मागे. त्यामुळे पुढचं टोक हलकं, आणि वळणातून बाहेर पडताना मागची चाकं रस्ता अशी पकडतात की बस. पण ते कळायला जेवढा वेग लागतो तेवढा ताम्हिणीत पावसाळी वीकेंडला मिळणार नाही, आणि मिळवूही नये.

सदाशिव९:
९११ला मागे दोन सीट आहेत हो. घरच्यांना "चार जणांची गाडी आहे" असं सांगता येतं.

शेवंता:
सांगता येतं, बसवता येत नाही. दहा वर्षांच्या पुढच्या माणसाचे पाय तिथे मावत नाहीत. उलट सामानाला केमन बरी: पुढे १५० लिटर आणि मागच्या दाराखाली २७५. दोघांचं चार दिवसांचं गोव्याचं सामान आरामात जातं. फक्त मागची जागा इंजिनामुळे गरम होते, त्यामुळे हापूसची पेटी पुढच्या डिकीत.

मोजपट्टी:
गाडी पसंत करायच्या आधी तुमच्या तळघराचा रॅम्प मोजा. यातले बरेच व्यवहार पैशाने फसत नाहीत, रॅम्पने फसतात.

९११चा व्हीलबेस २.४५ मीटर, पोटाखालची जागा साधारण ११० ते १२० मिमी. रॅम्प जिथे संपून सपाटी सुरू होते तिथे एक कंगोरा असतो. गाडी त्यावर मधोमध आली की तो कंगोरा पोटाकडे किती वर येतो, हे व्हीलबेस भागिले चार, गुणिले उताराचा कोन (रेडियनमध्ये) एवढं साधं आहे. १ला ८चा उतार म्हणजे सुमारे ७ अंश: कंगोरा ७६ मिमी वर येतो, गाडी सुटते. १ला ५चा उतार म्हणजे ११ अंशांच्या वर: १२१ मिमी, गाडी घासते. जुन्या इमारतींत जागा वाचवायला असे खडे रॅम्प सर्रास असतात. कंगोरा गोलाई देऊन घडवला असेल तर तोच रॅम्प चालून जातो.

हिशेब नको असेल तर सुताराकडून साडेतीन मीटरची सरळ फळी घ्या. एका टोकाला आणि तिथून २.४५ मीटरवर, असे ११ सेंटिमीटर उंचीचे दोन ठोकळे खाली ठोका. उरलेली मीटरभर फळी म्हणजे गाडीचं नाक. ही फळी रॅम्पवरून वर-खाली ओढत न्या. मधला भाग कंगोऱ्याला टेकला तर पोट घासणार. पुढचं टोक खालच्या सुरुवातीला जमिनीला लागलं तर बंपर घासणार. हजार रुपयांत उत्तर मिळतं.

यांत्रिक पार्किंग असेल तर पॅलेटची आतली रुंदी मोजा. ९९१ कॅरेरा आरशांशिवाय १.८१ मीटरच्या आसपास रुंद आहे आणि पॅलेटच्या कडेला रिम घासायला दोन सेंटिमीटरची चूक पुरते.

घाटवळण:
आणि स्पीडब्रेकर? खरी धास्ती त्याचीच आहे.

मोजपट्टी:
नियमातला ब्रेकर या गाडीला काही करत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणाप्रमाणे उंचवटा १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असतो: ३.७ मीटर रुंद, मधे १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ने ओलांडायला. तो गाडीच्या व्हीलबेसपेक्षा रुंद आहे, म्हणजे दोन्ही चाकं त्यावर चढलेली असतात आणि पोटाखाली उंचवटा फक्त ४४ मिमी उरतो. चढ ६ अंशांचा, नाकही सुटतं.

मारतात ते गावकीने रातोरात घातलेले डांबराचे गठ्ठे: मीटरभर रुंद आणि १५ ते २० सेंटिमीटर उंच. चाकं पलीकडे उतरलेली असतात आणि गठ्ठा पोटाखाली. तिथे तिरकं घालायचं, एकेक चाक चढवत, ब्रेकवरून पाय काढून. ब्रेक दाबलेला असला की नाक आणखी खाली जातं. ९९ टक्के ओरखडे यामुळेच. पुढच्या बंपरखाली रबरी ओठ असतो, तो घासण्यासाठीच दिलेला आहे, स्वस्तात बदलतो. त्याच्या मागचं प्लास्टिकचं आवरण सैल झालं की मात्र लगेच स्क्रू बसवून घ्या, नाहीतर महामार्गावर वाऱ्याने फाटून निघतं.

पुढचं नाक वर उचलणारी यंत्रणा ९९१.२ कॅरेराला पर्यायी होती. ती साधारण ४० मिमी उचलते आणि कमी वेगातच चालते. जुन्या बाजारात ती असलेली गाडी मिळाली तर तिला जास्त पैसे मोजायला हरकत नाही. बाहेरून नंतर बसवायचा उद्योग करू नये.

तेलकट_हात:
आता तपासणी. क्रम पाळा.

आदल्या रात्री विक्रेत्याला सांगा, गाडी सुरू करू नका. सकाळी गेल्यावर सायलेन्सरला हात लावून बघा. कोमट असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू झाल्यावर क्षणभर धुराचा फुगा आला तर घाबरू नका. सिलिंडर आडवे असतात, थोडं तेल वर राहतं. पांढरा धूर मिनिटभर येत राहिला तर तेल आणि हवा वेगळी करणारा सेपरेटर फाटलाय असं समजा. बरेचदा कारण जास्त भरलेलं तेल असतं. या गाड्यांना डिपस्टिक नाही. इंजिन गरम करून, सपाटीवर उभं करून डॅशबोर्डवर पातळी वाचावी लागते. साडेसात लिटरच्या आसपास तेल बसतं म्हणून कोणी एकदम तेवढं ओततं आणि आधीचं पूर्ण निथळलेलं नसतं. सात लिटर भरा, पातळी वाचा, मग अर्धा-पाव करत वाढवा. तेल पोर्शेच्या ए४० मान्यतेचं, ०डब्ल्यू-४०.

मग गाडी लिफ्टवर. पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅटच्या घराभोवती गुलाबी खरपुडी दिसली तर कूलंट गळतंय. इंजिनच्या टायमिंग कव्हरला नुसता तेलाचा घाम असेल तर भाव पाडा, थेंब पडत असेल तर दुरुस्तीचा आकडा लिहून घ्या. पीडीके, म्हणजे पोर्शेच्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पॅनची कड कोरडी हवी. इंजिन माउंट फाटलेलं असेल तर गाडी उभी आणि इंजिन नुसतं सुरू असताना सीटमध्ये थरथर जाणवते.

पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंच्या झरोक्यांत टॉर्च मारा. रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर तिथे आहेत. पानं, प्लास्टिकच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या सगळं तिथे जाऊन बसतं, पावसात कुजतं आणि कंडेन्सरचं ॲल्युमिनिअम खातं. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, बंपर उतरवून हे साफ करायचं. सरळ प्रेशर वॉशर मारू नये, पाती दुमडतात.

शेवटी पोर्शेचं पिविस यंत्र लावून इंजिनच्या संगणकाचा अहवाल. तो नसेल तर व्यवहारच नको. त्यात दोन गोष्टी बघायच्या. एक, ओव्हररेव्हच्या, म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे फिरवल्याच्या नोंदी: आरपीएमचे चढत्या क्रमाने सहा पट्टे असतात. पहिले दोन-तीन भरलेले असले तरी चालतं. चौथ्या ते सहाव्यात नोंद असेल तर ती कधीची आहे, हे शेजारच्या इंजिन-तासांवरून कळतं. दोन, एकूण इंजिन-तास. मीटरवरचे किलोमीटर भागिले तास केलं की सरासरी वेग निघतो.

सदाशिव९:
सरासरी वेगाचं जरा फोडून सांगा.

तेलकट_हात:
समजा मीटर १८,००० दाखवतो आणि तास ६०० आहेत. सरासरी ३० निघाली, ठीक, थोडं शहर थोडा महामार्ग. तास १,२०० असतील तर सरासरी १५. एकतर गाडी अंधेरी-बीकेसी करत ट्रॅफिकमध्ये शिजलीय, नाहीतर मीटर मागे फिरवलाय. दोन्हीत भाव उतरतो. म्हणून "फक्त १२ हजार चाललेली" या जाहिरातीला भुलू नये.

रंगाच्या जाडीचं यंत्र लावताना एक मेख आहे. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यावर पारदर्शक संरक्षक फिल्म असेल तर आणखी दीडशे-दोनशे वाढतात. ३०० आकडा बघून लगेच "पुट्टी, पुट्टी" ओरडू नका. दाराच्या आतल्या चौकटीवर, जिथे फिल्म नसते, तिथे मोजा आणि फिल्मची कड नखाने शोधा. पुढच्या झाकणाखाली पर्यायांच्या कोडचं स्टिकर असतं; चेसिस नंबर आणि रंगाचा कोड त्याच्याशी जुळवा.

आरटीओ_खिडकी:
कागदांकडेही बघा, कारण गाडी नंतर दुरुस्त होते, कागद होत नाहीत.

महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा एकरकमी कर वैयक्तिक नावावर २० लाखांच्या वर १३ टक्के, कंपनीच्या नावावर किंवा आयात गाडीला २० टक्के. कमाल मर्यादा आधी २० लाख होती, १ जुलै २०२५पासून ३० लाख. त्यामुळे हा कर चुकवायला गाड्या पुदुच्चेरी, हिमाचल, झारखंडात नोंदवायची चाल जुनी आहे. अशी गाडी पुण्यात कायम ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७प्रमाणे बारा महिन्यांच्या पुढे इथला नंबर घ्यावाच लागतो, म्हणजे इथला कर भरावाच लागतो. तो आकडा विक्रेत्याच्या किमतीत मिळवून मगच "स्वस्त" म्हणा. एनओसीसाठी फॉर्म २८, हस्तांतरणासाठी २९ आणि ३०, आधीचं कर्ज उतरवायला ३५. दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतात कारण तिथे पेट्रोल गाडीला १५ वर्षांची वेस आहे.

आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्रीची (कस्टम्सकडे भरलेल्या आयातीच्या कागदाची) प्रत मागा आणि चेसिस नंबर जुळवा. जुनी गाडी परदेशातून आणायचा नियम कडक आहे: तीन वर्षांपेक्षा जुनी नको, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची हवी, उतरायची मुंबई बंदरातच. कार्ने या तात्पुरत्या आयातीच्या परवान्यावर आलेली गाडी परत जावीच लागते. ती "नंतर कागद करून देतो" म्हणून विकणारे महाभाग असतात. सप्टेंबर २०२५मध्ये केरळात कस्टम्सने नुमखोर नावाच्या मोहिमेत भूतानमार्गे आणलेल्या गाड्या धडाधड जप्त केल्या. गाडी जप्त झाली की घेणाऱ्याचे पैसे बुडाले.

सदाशिव९:
आणि नवीनच घेतली तर? शोरूमची किंमत एवढी फुगते कशाने?

आरटीओ_खिडकी:
बंदरावर उतरताना १ कोटी असलेली गाडी धरा. सीमाशुल्क उपकरासह ११० टक्के: २ कोटी १० लाख. त्यावर ४० टक्के जीएसटी (२२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या गाड्यांना एकच दर, वेगळा सेस नाही): २ कोटी ९४ लाख. मग विक्रेत्याचा नफा, मग रस्ताकर. एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला आयकर) वेगळा, पण तो आयकर विवरणात परत वळता होतो. ब्रिटनशी जुलै २०२५मध्ये झालेल्या करारात तिकडच्या गाड्यांचं शुल्क ठरावीक कोट्यापुरतं टप्प्याटप्प्याने खाली आणायचं ठरलंय, पण पोर्शे जर्मनीत बनते. "कंपनीच्या नावाने घ्या, जीएसटी परत मिळतो" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. प्रवासी गाडीवरचं ते क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)ने अडवलेलं आहे. घसारा १५ टक्के मिळतो, एवढंच.

पॉलिसीवाला:
विम्यात लोक प्रीमियम बघतात. बघायचे ते तीन कलमी अपवाद.

साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात, फायबरग्लासवर ३०. या गाडीचं पुढचं अख्खं तोंड प्लास्टिक आहे. म्हणजे सहा-सात लाखांचा दावा असेल तर निम्म्याच्या आसपास खिशातून. म्हणून झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर. पण गाडी जुनी झाली की ते कव्हर मिळणं अवघड होतं, तेव्हा ९८१चा सौदा करण्याआधी विमा कंपनीकडून लेखी होकार घ्या.

दुसरं, पावसाळा. साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडलं आणि मालकाने परत सुरू केलं की आत गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर नसेल तर कंपनी याला परिणामी नुकसान म्हणते आणि हात वर करते. बंद पडली की चावी काढायची, बस.

तिसरं, ट्रॅक. खासगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. कोईम्बतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर गाडी नेली आणि भिंतीला लागली तर सगळा खर्च तुमचा.

पाच वर्षांपुढच्या गाडीला आयडीव्हीचा (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीचा) तक्ता लागू नाही, ती तुमच्यात आणि कंपनीत ठरते. बाजारभावाच्या जवळ ठेवा. प्रीमियम वाचवायला आयडीव्ही पाडणारे चोरीच्या वेळी रडतात.

घाटवळण:
उत्तम माहिती. आता वर्षाच्या खर्चाचं?

तेलकट_हात:
एक गोष्ट डोक्यात ठेवा. गाडी तुम्ही निम्म्या किमतीत घेतलीत म्हणून सुटे भाग निम्म्या किमतीत मिळत नाहीत. माझा ढोबळ हिशेब असा की त्या मॉडेलच्या नव्या किमतीच्या दीड-दोन टक्के दर वर्षी वेगळे ठेवावेत, विमा सोडून. काही वर्षं त्यातले निम्मेही लागणार नाहीत, मग एकदा टायर आणि ब्रेक एकदम येतील.

तेल वर्षातून एकदा, दोन हजार किलोमीटर चालली असली तरी. ब्रेकचं द्रव दोन वर्षांनी. ते हवेतली ओल शोषतं, आणि आपल्याकडे ओल म्हणजे चार महिने फुकट. स्पार्क प्लग चार वर्षांनी. पीडीकेत क्लचचं आणि गिअरचं तेल वेगवेगळं असतं, पावतीवर दोन्हींचा उल्लेख आहे का बघा.

चाकाआड ब्रेकचे पिवळे कॅलिपर दिसले म्हणजे सिरॅमिक डिस्क. वजन लोखंडी डिस्कच्या निम्मं, दिसतात झकास, पण चाक काढताना रिम आपटला तर कड उडते आणि डिस्क बाद. चाक काढायला मार्गदर्शक पिन वापरणारा माणूस हवा. शहरात वापरायला लोखंडी डिस्कच बऱ्या.

टायरच्या बाजूला एन० किंवा एन१ अशी खूण हवी, पोर्शेने त्या गाडीसाठी पास केलेला टायर म्हणून. मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद, त्यामुळे पुढचे मागे करता येत नाहीत. मागचे आतल्या कडेने आधी झिजतात. वरून नक्षी भरपूर दिसते आणि आतून तार. गुडघ्यावर बसून बघा. चार आकडी तारीख वाचा: २३२१ म्हणजे २०२१चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी असली तरी बदला, समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर तर नक्कीच. स्टेपनी नाही, फक्त पंप आणि चिकट द्रवाची बाटली. ती बाटली शेवटचा उपाय. एकदा ओतली की पंक्चरवाला वैतागतो आणि टायर बहुधा बाद होतो.

कोकणकडा७:
चार-पाच हजार किलोमीटर म्हणजे गाडी बहुतेक उभीच. त्याचं काय?

तेलकट_हात:
चालवून गाड्या जितक्या बिघडतात त्याच्यापेक्षा उभ्या राहून जास्त बिघडतात.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे रविवारी खाली जाऊन पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवणं. पाणी गरम होतं, तेल होत नाही. तेल ९० अंशांच्या आसपास यायला पंधरा-वीस मिनिटं भाराखाली चालवावं लागतं. त्याआधी बंद केलं की ओल आणि न जळलेलं पेट्रोल तेलातच राहतं. त्यापेक्षा दोन आठवडे हात लावू नका आणि मग सलग चाळीस मिनिटं चालवा. तेल गरम होईपर्यंत तीन हजार आरपीएमच्या वर जायचं नाही.

बॅटरीला देखभाल चार्जर लावून ठेवा. लिथियम बॅटरी असेल तर तिच्यासाठीचाच. तळघरात प्लग नसेल तर सोसायटीकडून सबमीटर घ्या. बॅटरी पूर्ण उतरली की गंमत होते: बॅटरी पुढच्या झाकणाखाली आणि झाकण उघडतं विजेवर. पुढे पाय ठेवायच्या जागेतल्या फ्यूजबॉक्समध्ये ओढून बाहेर येणारं लाल टोक आहे. त्याला बाहेरच्या बॅटरीची पॉझिटिव्ह वायर, निगेटिव्ह दाराच्या बिजागरीच्या उघड्या धातूला, आणि मग कळ दाबा. ही जोडणी फक्त झाकण उघडण्यापुरती. इंजिन सुरू करायला नाही, फ्यूज जळतो. अलार्म वाजेल, शेजारी येतील, येऊ द्या.

महिनाभर उभी राहणार असेल तर टायरमध्ये ३ बारच्या वर हवा, पार्किंग ब्रेक सोडून चाकाला लाकडी पाचर. मागच्या डिस्कच्या आत पार्किंग ब्रेकचे शू असतात, ते गंजून चिकटतात. धुतल्यावर गाडी तशीच झाकू नका, किलोमीटरभर ब्रेक मारत फिरवून डिस्क वाळवा. उंदरांसाठी संध्याकाळी बोनेट उघडं ठेवण्यासारखे उपाय इथे चालत नाहीत, केमनचं इंजिन वरून दिसतच नाही. सापळे लावा आणि पार्किंगजवळचा कचऱ्याचा डबा हलवायला लावा.

शेवंता:
बॉक्स्टरचा, म्हणजे केमनच्या उघडत्या छताच्या बहिणीचा विचार कोणी करत असेल तर: छताच्या पाण्याच्या नळ्या मे महिन्यात साफ करून घ्या. तुंबल्या की पाणी सीटखाली साचतं, आणि जुन्या पिढ्यांत लॉक-अलार्मचा संगणक नेमका तिथेच आहे.

कोकणकडा७:
पेट्रोल कुठलं? ई२०वर चालतात का?

तेलकट_हात:
पोर्शे ९८ ऑक्टेन सुचवते, ९५पर्यंत चालतं. ९१वर इंजिनचा संगणक नॉकिंग ओळखून ठिणगी मागे घेतो, जोर कमी होतो. इथेनॉलचं म्हणाल तर कंपनीने जुन्या पेट्रोल गाड्यांना १० टक्क्यांपर्यंत चालतं असं सांगितलेलं आहे. २० टक्क्यांचं मिश्रण उभ्या राहणाऱ्या गाडीला मला आवडत नाही, कारण इथेनॉल ओल ओढतं आणि टाकीच्या तळाशी पाण्यासकट वेगळं बसू शकतं. एक्सपी१०० या इंडियन ऑइलच्या १०० ऑक्टेन पेट्रोलमध्ये इथेनॉल नसतं. महाग आहे, पण वर्षाला ४,५०० किलोमीटर आणि ९च्या सरासरीने ५०० लिटर लागतं. लिटरमागे पन्नास-साठ रुपये जास्त धरले तरी तीस हजारांचा फरक. कोटीच्या गाडीला तेवढं जड नाही. निदान दीर्घ मुक्कामाआधी टाकी त्याने काठोकाठ भरा.

सदाशिव९:
हे सगळं वाचून वाटतं, बीएमडब्ल्यू एम२ घ्यावी. सहा सिलिंडर आहेत, मागे माणसं बसतात, मॅन्युअल गिअरसुद्धा मिळतो.

शेवंता:
समंजस गाडी आहे. एकच गाडी ठेवायची असती तर तीच सांगितली असती. पण यांच्याकडे समंजस गाडी आधीच आहे.

मोजपट्टी:
बंद पडली तर टोइंगचंही ठरवून ठेवा. फ्लॅटबेडच, आणि त्याचा पाटा जमिनीपर्यंत उतरणारा. साधारण उतार खडा असतो, म्हणून चाकांखाली घालायला दीड मीटरच्या दोन जाड फळ्या मागवा. ओढायचा हूक पुढच्या डिकीतल्या हत्यारांत असतो, बंपरवरचं चौकोनी झाकण काढून पूर्ण आवळायचा. गाडी बांधायची ती चाकांवरून पट्टे टाकून. सस्पेन्शनच्या दांड्यांना साखळी लावायला निघालेल्या माणसाला थांबवा, त्या ॲल्युमिनिअमच्या आहेत.

घाटवळण:
रॅम्प आज मोजला. १ला ७, कंगोरा गोल केलेला नाही. फळी मध्यावर दोन सेंटिमीटरने सुटते, नाकही सुटतं. कल ९८१ केमन एसकडे, सहा सिलिंडर, लोखंडी डिस्क. दोन गाड्या बघायच्या आहेत, एक पुण्यातली, एक मुंबईची. मुंबईची तीन लाखांनी स्वस्त आहे.

तेलकट_हात:
१ला ७ म्हणजे ८ अंशांच्या वर, कंगोरा ८७ मिमी येतो. रिकाम्या गाडीला ठीक. दोन माणसं, भरलेली टाकी आणि सामान असताना एक-दीड सेंटिमीटर खाली बसते, तेव्हा रॅम्पवर अगदी सावकाश. जमलं तर सोसायटीला सांगून कंगोऱ्याच्या दोन्ही बाजूंना फूटभर लांबीची सिमेंटची निमुळती पट्टी ओतून घ्या.

मुंबईच्या गाडीचे आधी इंजिन-तास मागवा, मग तिकीट काढा. समुद्राजवळच्या इमारतीत राहिली असेल तर खालून बघताना सायलेन्सरचे क्लॅम्प, ब्रेकच्या पाइपचे जोड आणि कंडेन्सरचे कोपरे, या तीन जागी खारा गंज शोधा. क्लॅम्पचे बोल्ट फिरत नसतील तर ते तीन लाख तिथेच संपतील.